डाव्या पंखाची पट्टी

इमारतीत त्यांना सगळे दातवाल्या वहिनी म्हणायचे. त्यांचे स्वतःचे दात काही विशेष नव्हते. त्या कवळ्या बनवायच्या. दातांच्या एका दवाखान्यामागे चिंचोळी खोली होती, तिथे खिडकीशी त्यांचं टेबल. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कुणाचा वरचा, कुणाचा खालचा, आणि त्यांच्यामध्येच वहिनींचा चहाचा कप. नवीन माणूस आत आला की आधी दचकायचा, मग कपाकडे बघून हसायचा.

त्यांच्या नवऱ्याला लोक ओळंबा म्हणायचे. तो खिडक्यांना, दारांना, दुकानांच्या दर्शनी भागांना काचा बसवायचा, आणि चौकट केसभर कलली असली तरी त्याला ती नुसत्या नजरेने कळायची. गवंडी दोरीला वजन बांधून जे बघतो, ते हा दारात उभं राहून बघायचा, म्हणून ओळंबा. त्याला अहो-जाहो करणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे वहिनी.

"हा घरांना काचा लावतो, ही माणसांना दात लावते. दोघांचं पोट फुटतुटीवर," असं त्याचा जोडीदार म्हणायचा. जोडीदार म्हणजे काचेच्या दुकानातला भागीदार. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही, आणि दुसऱ्या टोकाला कोण आहे यावर आपली बोटं शाबूत राहतात की नाही ते ठरतं. हे दोघे इतकी वर्षं समोरासमोर चालले होते की एकमेकांना "उचल", "ठेव" असं म्हणावं लागत नसे.

एका सकाळी दाढी करताना ओळंब्याच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकला तो तसाच खाली बसला. अर्धांगवायूचा झटका. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून पाय सावरला, बोलणंही सावरलं. डावा हात मात्र अर्ध्यावरच राहिला. मूठ मिटायची, पण ढिली. अंगठा हलायचा, पण सांगितल्यावर थोड्या वेळाने, आणि तोही मनापासून नव्हे.

व्यायाम घ्यायला एक ताई यायची. तिने मऊ स्पंजाचा चेंडू दिला, तो डाव्या हाताने दाबत राहायचं. ओळंब्याने काही दिवस दाबला आणि मग तो चेंडू सोफ्याच्या फटीत कुठेतरी गेला. वहिनींनी तो शोधून काढला की पुन्हा जायचा. जोडीदार येऊन दुकानातल्या गोष्टी सांगे, ओळंबा "हं" म्हणे. दिवसभर खिडकीकडे बघत बसणं हे त्याचं काम झालं होतं, आणि त्या खिडकीची चौकट वाकडी आहे हे तो रोज एकदा तरी बोलून दाखवायचा. बाकी बोलणं संपलं होतं.

त्यांची लेक दुसऱ्या शहरात नोकरी करायची. ती सुट्टीला आली तेव्हा तिने टीव्हीला जोडायचं एक यंत्र आणलं आणि त्यावर एक उडण्याचा खेळ टाकून दिला. दोघातिघांनी मिळून घरीच बनवलेला छोटासा खेळ होता. त्यात मारामारी नाही, गुण नाहीत, कुणी मागे लागत नाही. एक करकोचा आपल्या थव्यामागे राहून गेलाय, त्याला समुद्र ओलांडून, डोंगर ओलांडून एका तळ्यावर पोचवायचं, एवढंच.

"बाबा, हे तुमच्या हातासाठीच आहे बघा," लेक म्हणाली. "या दोन दांड्या. डावी दांडी म्हणजे डावा पंख, उजवी म्हणजे उजवा. अंगठ्याने खाली ओढलं की पंख मारतो, सोडलं की तरंगतो."

"माझ्या डाव्या हाताने कायमचीच दांडी मारलीय," ओळंबा म्हणाला. महिनोन्महिन्यांत त्याने केलेली ती पहिली थट्टा. मायलेकी गरजेपेक्षा जास्तच हसल्या.

खेळ सुंदर होता यात शंका नाही. पण त्याची सगळी मजा त्या दोन दांड्यांत होती. दोन्ही अंगठे सारख्या लयीत ओढले की पक्षी वर चढायचा, आणि एका ठरावीक उंचीवर पंख सोडून दिले की खालचं पाणी असं सरकायचं की बघणाऱ्याच्याही पोटात हलकं वाटावं. लेकीने उडवून दाखवलं तेव्हा ओळंबा पुढे सरकून बसला होता. पण लय चुकली की तोच पक्षी दगडासारखा जड होई. ओळंब्याचा उजवा पंख जोरात पडायचा आणि डावा नुसता थरथरायचा. पक्षी डावीकडे वळत जायचा, वळता वळता खाली यायचा आणि पाण्यात आपटायचा. मग भिजलेला, खडकावर चढून बसायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

लेक परत गेल्यावरही त्याने तीनचार दिवस प्रयत्न केला. प्रत्येक वेळी डावीकडे, खाली, पाण्यात. जन्मभर जगाला सरळ करत आलेल्या माणसाला हे बघवेना. एका संध्याकाळी त्याने दांड्यांचा तो कंट्रोलर सोफ्यावर आपटला.

"हे पाखरूच वाकडं आहे."

"उद्या जमेल," वहिनी म्हणाल्या.

"तू मला लहान पोर समजतेस का?"

वहिनींनी कंट्रोलर उचलून जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक आजोबा आले. नवी कवळी उजवीकडे टोचते म्हणून कुरकुरत होते. वहिनींनी ती हातात घेतली, एका दाढेला यंत्राने हलकेच घासलं, धुऊन परत दिली. आजोबांनी तोंड मिटलं, उघडलं, मिटलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "आता कशी बसली!" ते म्हणाले. कुठे घासलं, किती घासलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि वहिनींनी सांगितलं नाही. सांगायचं नसतंच. सांगितलं की माणूस तिथेच जीभ लावत बसतो.

घरी आल्या तेव्हा ओळंबा आंघोळीला गेला होता. वहिनींनी टीव्ही लावला. खेळाच्या सुरुवातीला काही पर्याय येतात हे त्यांनी लेक चालू करत असताना बघितलं होतं. शोधत शोधत त्या तिथे पोचल्या. दोन आडव्या पट्ट्या होत्या, एक डाव्या दांडीची, एक उजव्या दांडीची, आणि प्रत्येकीवर मधोमध एक ठिपका. खाली लिहिलं होतं की सगळ्यांचे हात सारखे नसतात, आपल्या हाताप्रमाणे बदलून घ्या. वहिनींनी डाव्या पट्टीवरचा ठिपका उजवीकडे सरकवला. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावू लागल्या. छाती अशी धडधडत होती की जणू कुणाच्या तरी खिशात हात घातला होता.

संध्याकाळी, करायला दुसरं काही नाही म्हणून, ओळंब्याने कंट्रोलर उचलला.

"अगं! अगं, इकडे ये!"

वहिनी ओल्या हातांनी धावल्या. पडद्यावर करकोचा पाण्यावरून सरळ चालला होता. ओळंब्याचा डावा अंगठा जेमतेम हलत होता, पण डावा पंख पूर्ण पसरून पडत होता, आणि पक्षी चढत होता.

"बघ, बघ. बोलू नकोस. बस इथे. बोलू नकोस," ओळंबा म्हणाला आणि स्वतःच बोलत राहिला. समुद्रातला दीपस्तंभ मागे पडला. ओळंब्याने दोन्ही पंख सोडले, पक्षी तरंगला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हात येतोय गं परत," तो म्हणाला.

हीच ती वेळ होती. "मी तिथे थोडं बदललंय हो," एवढंच म्हणायचं होतं. वहिनींच्या ओठांवर आलंही होतं. पण त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ते वाक्य गिळलं.

त्यानंतरचे दिवस घरात वेगळेच गेले. ओळंबा सकाळी उठून दाढी करायला लागला. वहिनी कामावरून आल्या की दार उघडायच्या आत सुरुवात करायचा, "आज डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. तिथे वारा आडवा येतो, पंख तिरपे धरावे लागतात." जसं पूर्वी काचेच्या कामाचं सांगायचा तसं. स्पंजाचा चेंडू आपणहून मागून घेतला. लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबा केवढं बोलतायत! मी काम सोडून ऐकत बसले." व्यायामवाल्या ताईने मूठ तपासली आणि म्हणाली, "थोडा फरक आहे." ओळंब्याने त्यातला "थोडा" ऐकलाच नाही.

डोंगरात वारा जोरदार होता. पक्षी पुन्हा डावीकडे कलायला लागला आणि ओळंब्याच्या कपाळावर पुन्हा जुनी आठी दिसली. वहिनींनी तो बाहेर गेला असताना ठिपका आणखी सरकवला. या वेळी धडधड कमी झाली. पुढच्या वेळी आणखी कमी. ठिपका पट्टीच्या टोकाला जाऊन पोचला, करकोचा डोंगर ओलांडून गेला, आणि वहिनींना रोज वाटायचं की आज सांगू, आणि रोज काहीतरी चांगलं घडायचं आणि राहून जायचं. चांगल्या दिवसाची कुणी वाट लावतं का?

एका दुपारी त्या टेबलाशी कवळीला पॉलिश करत असताना फोन वाजला. जोडीदाराचा आवाज होता, पण ओळखू येत नव्हता.

"वहिनी, घाबरू नका. ओळंब्या बरा आहे. माझ्या पायाला थोडं लागलंय."

थोडं नव्हतं. ओळंबा त्या दिवशी कुणाला न सांगता दुकानात गेला होता. एका दुकानाच्या दाराची काच पाठवायची होती, टेम्पो उभा होता, हाताखालचा माणूस आला नव्हता. "धर तू उजवी बाजू. डावी मी घेतो," ओळंबा म्हणाला. जोडीदाराने विचारलं, "जमेल ना?" ओळंब्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला विचारल्याची लाज वाटली. दोघांनी काच उचलली. चार पावलं बरोबर गेली. दारातून वळताना वजन डाव्या हातावर आलं आणि बोटं उघडली. काच आधी जोडीदाराच्या पायावर पडली आणि मग फुटली. घोट्यामागची शीर तुटली होती.

इस्पितळाच्या बाकावर ओळंबा बसला होता. शर्टावर काचेचा चुरा चमकत होता. उजव्या हाताने त्याने आपला डावा हात मांडीवर घट्ट धरून ठेवला होता, सोडला तर पुन्हा काही करेल म्हणून.

"हात होता गं," तो म्हणाला. "खात्रीने होता. घरी तर..." आणि त्याला पुढे बोलवेना.

वहिनी त्याच्या शेजारी बसल्या. त्यांना माहीत होतं घरी काय होतं. त्या उठल्या आणि पाणी आणायला गेल्या, आणि नळाशी ग्लास भरून वाहायला लागला तरी तशाच उभ्या राहिल्या.

शस्त्रक्रिया झाली, पायाला प्लास्टर लागलं. जोडीदाराला बघायला दोघं त्याच्या घरी गेले. तो आईबरोबर राहायचा. म्हातारी दोघांना बसायला खुर्च्या देऊन आत गेली. मग सुरू झालं ते विचित्रच होतं.

"चूक माझी," जोडीदार म्हणाला. "मीच तुला धरू दिलं. आजारी माणूस तू. मला अक्कल नको?"

"गप्प बस. मी धरतो म्हणालो."

"मी नाही म्हणायला हवं होतं."

"तू नाही म्हणाला असतास तर मी तुला शिव्या घातल्या असत्या."

"मग घालायच्या होत्यास. पाय तरी राहिला असता."

दोघं हसले, आणि हसणं संपल्यावर कुणाला कुठे बघावं कळेना. वहिनी सफरचंद चिरत होत्या. आत खरकटी भांडी घासत म्हातारी स्वतःशीच म्हणत होती की तिनेच त्या दिवशी लेकाला घाईने धाडलं, नाहीतर हाताखालचा माणूस येईपर्यंत तो थांबला असता. एका पायाला अपराधी किती, आणि खरा अपराधी मात्र फोडी करून बशीत मांडत होता.

त्यानंतर ओळंब्याने सगळं सोडलं. खेळ लावेना. चेंडू दाबेना. ताई आली की हात पुढे करायचा, पण दुसऱ्याचाच असल्यासारखा. एकदा जेवताना डाव्या हाताचा धक्का लागून पाण्याचा पेला कलंडला. ओळंब्याने उजव्या हाताने डाव्या हातावर चापट मारली, चांगली सणसणीत.

"खोटारडा हात आहे हा," तो म्हणाला. "मला फसवलं याने. घरी नीट वागून दाखवलं आणि तिथे दगा दिला."

त्याने पुन्हा मारलं तेव्हा वहिनींनी तो हात धरला.

"त्याला मारू नका. तो खोटं नाही बोलला. मी बोलले."

ओळंब्याला अर्थ लागला नाही. वहिनींनी ताटं तशीच ठेवली, टीव्ही लावला आणि त्याला ती पट्टी दाखवली. ठिपका टोकाला गेलेला. समजावून सांगताना त्यांची वाक्यं अर्धीच राहत होती, पण ओळंब्याला समजावून सांगावं लागलं नाही. मधोमध काय असायला हवं आणि ते कुठे गेलंय, हे त्याला दिसत होतं.

"कधीपासून?"

"सरळ उडालात त्या दिवसापासून."

"आणि डोंगरात?"

"तेव्हा अजून सरकवला."

ओळंब्याने उजव्या हाताने पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "मधोमध कर."

"अहो, ऐका तरी..."

"मधोमध कर म्हणतो ना."

वहिनींनी ठिपका मधोमध आणला. ओळंब्याने कंट्रोलर घेतला. करकोचा उडाला, डावीकडे वळला, वळत वळत खाली आला आणि पाण्यात पडला. अगदी पूर्वीसारखाच. ओळंब्याने मान हलवली, एखाद्या कामाची तपासणी झाल्यासारखी.

"तुम्ही इतके खूश होतात," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, खेळच तर आहे."

"खेळच होता ना? मग पडू द्यायचं होतंस. पडून पडून पाण्यातच पडलो असतो."

वहिनी ताटं उचलायला वाकल्या, पण उचलली नाहीत.

"डोंगर मी ओलांडला असं मी सगळ्यांना सांगत होतो," तो म्हणाला. "लेकीला सांगितलं. तू समोर बसून ऐकत होतीस."

"उडवत तुम्हीच होतात हो."

"बंद कर तो टीव्ही."

दुसऱ्या दिवसापासून ओळंबा बायकोला अहो-जाहो करायला लागला. "मीठ द्या." "आपला फोन वाजतोय." "येताना औषध आणाल का?" भांडणात आवाज चढवला असता तर वहिनींना बरं वाटलं असतं. हे सभ्य बोलणं त्यांच्या काळजाला घरं पाडत होतं. शेजारीण एकदा हसून म्हणाली, "काय वहिनी, नवरा फार मान द्यायला लागला!" वहिनी तिच्याबरोबर हसल्या आणि आत येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

दवाखान्यात त्यांचं भलतंच काहीतरी सुरू झालं. कवळी घासून दिली की पेशंटला सांगायच्या, "इथे घासलंय, वरच्या तिसऱ्या दाढेला, थोडंसं, आणि पुढच्या दाताचंही टोक मोडलंय." पेशंट मग तिथेच जीभ फिरवत बसायचे, नाही ते टोचायला लागायचं, परत यायचे. डॉक्टर वैतागले. "बाई, प्रत्येक गोष्टीचा कबुलीजबाब देताय की काय? बरं वाटतंय ना, मग जाऊ दे त्यांना." वहिनींना माहीत होतं की हे सगळं चुकीच्या माणसांना सांगणं चाललंय.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी त्या एकट्याच जोडीदाराकडे गेल्या आणि त्याच्या समोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. पट्टी, ठिपका, दीपस्तंभ, डोंगर. सांगताना त्यांनी प्लास्टरवरून नजर हलवली नाही. जोडीदार कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला,

"म्हणजे वहिनी, टीव्हीतल्या पक्ष्याने माझा पाय तोडला म्हणता?"

"थट्टा नका करू."

"थट्टा नाही, समजून घेतोय. तुम्ही त्याला खेळात थोडी मदत केलीत. त्याला ते आपल्याच हाताचं बळ वाटलं. आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून काच उचलली." त्याने हात झटकला. "सोडा हो. तुमच्या मनात काय वाईट होतं का?"

"नव्हतं."

"मग झालं तर. आई, चहा टाक गं, वहिनी आल्यात."

क्षमा इतक्या स्वस्तात मिळेल असं वहिनींना वाटलं नव्हतं. मिळाली तरी हलकं काही वाटेना. त्याला नीट कळलंच नाही, असं त्यांना जिना उतरताना वाटत होतं. ज्याला सगळं कळलं होतं तो घरी मीठ द्या म्हणत होता. जिन्याच्या वळणावर त्या थोडा वेळ बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि मग घरी गेल्या.

असेच दिवस जात राहिले. मग एका दुपारी वहिनी कामावरून आल्या तर दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून त्या खेळातल्या वाऱ्याचा आवाज येत होता. त्या उंबऱ्यातच थांबल्या.

ओळंबा पाठमोरा बसला होता. पडद्यावर करकोचा डावीकडे वळत होता. आता पडेल म्हणून वहिनींनी ओठ दाबले. पण पक्षी पडला नाही. खाली काळ्या खडकांवर ऊन तापलं होतं, तिथून गरम हवा वर येत होती, आणि ओळंबा पक्ष्याला नेमका त्या हवेतच फिरवत होता. डावा पंख थरथरत होता, उजवा थोडा थोडा मारत होता, आणि करकोचा घारीसारखा गोल गोल फिरत वर चढत होता. खूप उंच गेल्यावर ओळंब्याने दोन्ही दांड्या सोडल्या. पक्षी तरंगत, हळूहळू डावीकडे झुकत पुढच्या खडकापर्यंत गेला. तिथे पुन्हा गरम हवा. पुन्हा गिरक्या.

ठिपका मधोमधच होता का, हे विचारायची वहिनींची हिंमत नव्हती. ओळंब्याने मागे न बघताच सांगितलं.

"काही हलवलेलं नाही. आत ये. चपला काढ आधी."

"ये" हा शब्द ऐकून वहिनींना चपलेचा पट्टा सुटेना. शेवटी त्या आत आल्या आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"याला डावीकडेच जायचंय," ओळंबा म्हणाला. "मी उगाच त्याच्याशी भांडत होतो. म्हटलं, जा बाबा, वळ. वळता वळता वर तरी जा."

"कुठपर्यंत आलात?"

"दीपस्तंभ. सकाळपासून."

पूर्वी तो दीपस्तंभ पहिल्याच उड्डाणात मागे पडला होता. आता ओळंब्याला अर्धा दिवस लागला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, आणि तो आनंद त्या पहिल्या दिवसासारखा नव्हता. हा काहीसा चिडका, हट्टी आनंद होता. वहिनींना तो ओळखीचा वाटला. एखादी वेडीवाकडी चौकट आली की ओळंबा दुकानात असाच पुटपुटत असायचा.

त्या बघत बसल्या, आणि बघता बघता त्यांच्या मनात नवीनच गोष्ट शिरली. आपण त्या पट्टीला हात लावला नसता, तर हे याला तेव्हाच सापडलं असतं का? मग काच उचलायला तो गेला असता का? कदाचित सापडलंही नसतं. कदाचित त्याने कंट्रोलर फेकून दिला असता आणि आजही खिडकीकडे बघत बसला असता. ते दिवस बोलत, हसत, दाढी करत गेले नसते, तर आज इतका वेळ पडत राहायचा दम त्याच्यात आला असता का? वहिनींनी हे सगळ्या बाजूंनी उलटून बघितलं, पण कुठल्याच बाजूने त्या सुटत नव्हत्या.

"मला माफ केलंत का?" त्यांनी विचारलं.

पक्षी गिरकीत होता, मध्येच सोडता येण्यासारखा नव्हता. खडकावर उतरवल्यावर तो म्हणाला, "माहीत नाही अजून. चहा कर."

पुढे करकोचा डोंगर ओलांडून गेला की नाही, हा प्रश्न राहतो. गेला, पण फार उशिरा, आणि वाटेत अनेकदा पाण्यात पडून. तळ्यावर थवा उतरलेला होता. ओळंब्याने पक्षी त्यांच्यात नेऊन बसवला, जरा वेळ बघितलं आणि टीव्ही बंद केला. लेकीला फोन करून सांगितलं का, असं वहिनींनी विचारलं तर म्हणाला, "हे सांगण्यासारखं नाही."

मध्ये एकदा वहिनींना ठिपका मधोमधच्या थोडा उजवीकडे सरकलेला दिसला. त्यांनी हात लावला नव्हता. त्या घाबरून त्याच्याकडे गेल्या.

"मी नाही केलं हं ते."

"मी केलं," ओळंबा म्हणाला. "दमलो होतो."

डावा हात पुढे फारसा सुधारला नाही. काच उचलायचं काम गेलं ते गेलंच. पण दुकानाला मापं घेणारा माणूस लागतो, आणि ओळंब्याच्या नजरेला काही झालेलं नव्हतं. जोडीदाराचं प्लास्टर निघालं तेव्हा त्याने स्वतःच येऊन सांगितलं की उद्यापासून चल. ओळंबा नाही म्हणाला, मग हो म्हणाला, मग सकाळी वेळेआधी तयार होऊन बसला.

जोडीदार न्यायला आला तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. दोघं जिना उतरायला लागले. जोडीदार आधी दुखरा पाय खाली टाकायचा, मग दुसरा त्याच पायरीवर आणून ठेवायचा, मग पुढची पायरी. तो सतत काहीतरी बोलत होता, ओळंबा त्याच्या चालीने थांबत थांबत उतरत होता. वळणावर जोडीदाराने वर बघून हात केला. वहिनींनीही केला. ते दिसेनासे झाल्यावरही पायरीवरचा तो दोनदा पडणारा पाय ऐकू येत होता, आणि तो रस्त्यावर पोचेपर्यंत वहिनींनी दार लावलं नाही.